वरच्या कोपऱ्यातली चौकट

खिएम सरांना दोन गोष्टी खपत नसत. बाकावर बसून कुणी त्यांना काका म्हटलेलं, आणि अट न लिहिता गणिताला हात घातलेला.

पहिली गोष्ट माझ्यापुरतीच होती, कारण त्यांना काका म्हणणारी मी एकटीच. ते माझ्या मावशीचे यजमान. त्यांना मूल नव्हतं, आणि माझे आईबाबा कामासाठी शहरात, म्हणून मी राच सेन या कालव्याकाठच्या गावी मावशीकडंच वाढले. घरात ते काका. पण दुपारी पोरं येऊन ओसरीतल्या लांब बाकावर बसली की तेच काका सर व्हायचे. एकदा मी चुकून विचारलं, "काका, हे उणे कुठून आलं?" तर त्यांनी चष्म्यावरून कालव्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "कुणाचे तरी काका आलेत वाटतं. होडी नीट बांधा म्हणावं, ओहोटी लागलीय."

दुसरी गोष्ट मात्र सगळ्यांना लागू. "वर्गमूळ दिसलं, थांब. छेदात एक्स दिसला, थांब. आधी त्याला विचार, बाबा, तुला कुठं कुठं फिरायची मुभा आहे. ते लिहून काढ. मग पुढं जा."

"सर, शेवटी बघितलं तर नाही का चालत?" मागून कुणीतरी विचारायचंच.

"वर्ग केलास की एक खोटं उत्तर पाहुण्यासारखं घरात शिरतं. खऱ्याच्या शेजारी मांडी घालून बसतं आणि खऱ्यापेक्षा जास्त जेवतं. शेवटी कुणाला उठवणार तू? अट दारात उभी पाहिजे."

ही अट लिहायची जागाही ठरलेली. कागदाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात, छोटी चौकट काढून. बाकावरची पोरं कालव्याकडं तोंड करून बसत आणि सर पाठीमागून फिरत. फिरता फिरता खांद्यावरून एक नजर टाकली की चौकट दिसली पाहिजे. नाही दिसली तर ते खाकरायचे. त्यांच्या सायकलला घंटी नव्हती, तिथंही खाकरण्यावरच भागायचं. त्यामुळं रस्त्यावर सर खाकरले तरी आमच्यातला एखादा दचकून कोपरा शोधायचा.

सर बाहेरगावचे. शिक्षक म्हणून राच सेनला आले आणि बदलीचा अर्ज न करता इथंच राहिले. इथल्या माणसांची मोजणी मात्र त्यांना शेवटपर्यंत पटली नाही. आमच्याकडं थोरल्या मुलाला 'दोन' म्हणतात, त्याच्या पाठच्याला 'तीन'. एक नंबर कुणालाच देत नाहीत. सर म्हणायचे, "ज्या गावात मोजायला दोनापासून सुरुवात करतात, तिथं मी गणित शिकवतोय. मला सरकारनं पदक द्यायला पाहिजे."

असं एकदा ते साऊमावशीसमोर म्हणाले. साऊ म्हणजे सहा. ती खरं तर पाचवी मुलगी. कालव्यातून होडी हाकत, रश्श्यातल्या तांदळाच्या शेवया विकायची. नवरा नव्हता, कुठं गेला ते विचारलं तर म्हणायची, "ओहोटीबरोबर." सरांचं ऐकून ती होडीतूनच म्हणाली, "सर, मोजून काय होतंय? वाडगं भरलं की भरलं."

"तुमची पोरगी तसं म्हणत नाही."

"ती तुमची पोरगी आहे. माझ्याकडं नुसती जेवायला येते."

ती पोरगी क्वेन. माझ्याच वयाची. बाकावर माझ्या उजवीकडं बसायची, त्यामुळं तिची चौकट माझ्या डोळ्यांसमोर नाही आणि माझी तिच्यासमोर, असा उलटा न्याय होता. ती माझ्या कागदाकडं बघून हळूच म्हणायची, "दिएप, तुझा एक्स पोहायला चाललाय. पाण्यात सोडू नकोस त्याला, उणे एकच्या काठावर थांबव." तिचा स्वतःचा एक्स वेगळाच असायचा. दोन चंद्रकोरी पाठीला पाठ लावून बसवल्यासारखा.

त्रिकोणमिती आली तेव्हा तिनं कालव्याची रुंदी काढायचं ठरवलं. पलीकडच्या काठावरचं एक नारळाचं झाड धरलं, अलीकडं काठीनं रेघ मारली, कोन मोजला, टॅनचा तक्ता काढला. मग आईला म्हणाली, "आई, होडीची दोरी ताणून पलीकडं ने, पडताळा घेऊ."

"धंद्याच्या वेळी?"

"जरा वेळ."

साऊमावशी शिव्या देत दोरी घेऊन गेली. दोरीनं आलेली रुंदी आणि टॅननं आलेली रुंदी यांत हातभराचाही फरक नव्हता. साऊमावशीनं दोरी गुंडाळली. "म्हणजे इथं बसून कळतंय तर मला कशाला पळवलीस?"

"तू खोटं म्हणाली असतीस म्हणून."

सर ओसरीतून बघत होते. त्या दिवशी ते कुणावरच खाकरले नाहीत.

फलन म्हणजे काय, हे त्यांनी आम्हाला घाटावरच्या तरीवरून, उतारूंच्या होडीवरून शिकवलं. "तरीत बसलेला प्रत्येक माणूस कुठल्यातरी एका धक्क्यावर उतरतो. दोघं एकाच धक्क्यावर उतरले तर चालेल. पण एकच माणूस एका वेळी दोन धक्क्यांवर उतरू शकत नाही."

क्वेन म्हणाली, "आणि कुणी उतरलंच नाही तर?"

"तर ते फलन नाही. तो साऊबाईंचा नवरा."

सगळे हसले. सगळ्यात जास्त क्वेन हसली.

नववीनंतर आमच्याकडं प्रांताची परीक्षा असते. तिच्यावर पुढची शाळा ठरते. प्रांताच्या शहरात निवडक मुलांची एक शाळा होती. राहणं, जेवण, पुस्तकं सगळं तिथंच. त्याहून खालच्या गुणांवर तालुक्याची शाळा मिळायची. रोज तरीनं जा, तरीनं ये, आणि वह्यांपासून सगळं घरचं. साऊमावशीनं लपवाछपवी ठेवली नव्हती. "शहरातली शाळा मिळाली तर शीक. नाही मिळाली तर सायगॉनपलीकडं तुझ्या आत्याकडं. बुटांच्या कारखान्यात मुली घेतायत."

"मिळेल," क्वेन म्हणाली. तिनं ते इतकं साधं म्हटलं, जसं काही उद्या भरती किती वाजता ते सांगतेय.

परीक्षेच्या संध्याकाळी ती शहरातून परतली ती होडीतून उडी मारूनच. सर ओसरीत कोंबड्याला तांदूळ टाकत होते.

"सर, सगळं सुटलं. शेवटचं वर्गमुळाचं होतं. एक्स अधिक तीनचं वर्गमूळ बरोबर एक्स अधिक एक. पहिला कागद संपला म्हणून पुरवणी घेतली आणि त्यावर सोडवलं."

"उत्तर?"

"एक. उणे दोन बाद."

"अट?"

"लिहिली की. चौकटीत."

सरांनी मूठभर तांदूळ एकदमच खाली सोडले. कोंबड्याची चंगळ झाली. "जा, आईला सांग जा."

हे मी स्वतः ऐकलंय. त्यांनी अट विचारली, तिनं सांगितली. चौकट कुठं काढलीस, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. सुचणार कसं? ती जागा त्यांनीच ठरवून दिलेली होती.

दोन दिवसांनी सर पेपर तपासायला शहरात गेले. दरवर्षी जायचे. अख्ख्या प्रांतात त्यांचा दरारा होता. त्यांच्या जोडीला बहुतेक वेळा विन सर असत, गोल चेहऱ्याचे, ढेरी सुटलेले. ते म्हणायचे, "खिएम सरांच्या हातून पाव गुण सुटणं म्हणजे खेकड्याच्या नांगीतून बोट सुटणं." आमच्याकडं गुण पावापावानं देतात, आणि त्या वर्षी गुणदानाचा तक्ता ठरवायच्या बैठकीत सरांनीच धरून बसून मंजूर करून घेतलं होतं की वर्गमुळाच्या गणितात अटीला स्वतंत्र पाव गुण हवा. उत्तर बरोबर असो नाहीतर चूक, अट कागदावर नसेल तर तो पाव द्यायचा नाही.

पेपर तपासण्याआधी प्रत्येक कागदाची डोक्याकडची पट्टी कात्रीनं कापतात. पट्टीवर मुलाचं नाव आणि बैठक क्रमांक असतो. कागदावर आणि पट्टीवर एकच गुप्त आकडा टाकतात, पट्ट्या पिशवीत घालून पिशवी मोहोरबंद करतात, आणि ती दुसऱ्या खोलीत जाते. परीक्षकाला कळता कामा नये की पेपर कुणाचा. आणि मुलानं नाव-क्रमांकाशिवाय त्या पट्टीवर काही लिहिलं असेल, तर ती ओळख पटवायची खूण धरतात. मग सबंध पेपरला शून्य.

पुरवणीलाही अशी पट्टी असते. नावाच्या उजवीकडं तिथं थोडी कोरी जागा सुटते. आम्ही बाकावर नेहमी साध्या कोऱ्या कागदांवर सराव केला होता. पुरवणी आमच्यापैकी कुणी त्या दिवसापर्यंत पाहिलीच नव्हती.

तपासणीच्या खोलीत काय झालं ते विन सरांनी नंतर आमच्या ओसरीत सांगितलं, दोघांचे आवाज काढून. त्यांना सवय होती तशी. पण त्या दिवशी सांगताना कुणी हसलं नाही, आणि अर्ध्यातून त्यांनीही आवाज काढणं सोडून दिलं.

पुरवणी आधी विन सरांच्या हातात होती. "वा. काय रीत आहे, खिएम सर. धुतलेल्या तांदळासारखी. एक आणि उणे दोन. आणि इथं काय लिहिलंय बघा, 'चौकटीशी ताडून पाहता उणे दोन बाद.' कसली चौकट हो? कुठाय चौकट?" त्यांनी कागद उलटला, सुलटा केला, उजेडात धरला. "चौकट घरी विसरून आलंय पोर."

सरांनी कागद घेतला. त्यावर चंद्रकोरींचा एक्स होता. पाठीला पाठ लावून बसलेला.

"अट कागदावर नाही," सर म्हणाले.

"डोक्यात आहे ना. नाहीतर उणे दोन बाद कसं करेल? देऊ या पाव."

"डोकी तपासायला नाही बोलावलं आपल्याला."

"अहो, तक्ता तुमचाच. तुम्ही हो म्हणा, मी लाल पेननं आत्ता देतो. इथं आपण दोघंच आहोत."

"नको."

"माणूस पांढरा पडलेला," विन सर आम्हाला म्हणाले. "मला वाटलं, दुपारची सुकी मासळी बाधली. मी म्हटलं, राहू द्या, नका देऊ, पण घोटभर चहा घ्या."

तपासणीहून परतल्यावर सरांनी बाक भरवला नाही. मावशीनं विचारलं तर म्हणाले, पाठ धरलीय. ओसरीच्या पायरीवर बसून ते कालव्याकडं बघत राहायचे, आणि साऊमावशीची होडी वळणावर दिसली की उठून आत जायचे.

निकाल लागला त्या दिवशी क्वेन आणि साऊमावशी सरळ आमच्याकडं आल्या. होडी बांधायचंही साऊमावशीला भान नव्हतं. मीच जाऊन दोरी खुंटीला अडकवली.

"किती कमी पडले?" मावशीनं विचारलं.

"पाव," क्वेन म्हणाली. ती रडत नव्हती, चिडलेली होती. "गणितात गेलाय कुठंतरी. पण माझं एकही चुकलेलं नाही. सर, फेरतपासणी मागू या ना. मुदत आहे अजून."

सर बाकावर बसले होते, पोरांच्या जागेवर. ते म्हणाले, "तो पाव मी कापला."

कुणाला काही कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं, सावकाश, फळ्यावर एकेक पायरी मांडावी तसं. पट्टी कशी कापतात. पुरवणीवर ती कुठं असते. चौकट कुठं गेली असणार.

"पण मी कोपऱ्यातच काढली," क्वेन म्हणाली. "तुम्ही सांगता तिथंच."

"हो. मी सांगितलं तिथंच."

"मग तुम्हाला माहीत होतं की चौकट आहे."

"हो."

"मग सांगायचं ना तिथं. पट्टीवर आहे म्हणायचं. आणून बघा म्हणायचं."

"आणून बघितली असती तर ती खूण ठरली असती. सबंध पेपर शून्य. हा पेपर मी ओळखला, दुसऱ्या जोडीला द्या, एवढं म्हटलं असतं तरी त्यांनी विचारलं असतं, कशावरून ओळखला. मग चौकट निघाली असती, चौकटीवरून पट्टी निघाली असती."

क्वेननं ते डोक्यात फिरवून पाहिलं. ती गणित करताना दिसायची तशी दिसत होती, खालचा ओठ दाताखाली. मग तिनं मान हलवली. तिला ते पटलं होतं, आणि मला वाटलं, झालं, आता ती रडेल आणि मावशी तिला जवळ घेईल.

पण सर थांबले नाहीत. "विन सर पाव देत होते. अट नसताना. पोर हुशार आहे, देऊ या म्हणत होते."

"मग?"

"मी नको म्हटलं."

"का?"

"ती तू आहेस हे मला कळलं होतं म्हणून."

कालव्यातून एक इंजिनाची होडी गेली.

"मी दुसरी कुणी असते तर?" क्वेननं विचारलं.

सर खोटं बोलले असते तर बरं झालं असतं, असं मावशी पुढं कितीतरी वर्षं म्हणत राहिली. एवढं एकच वाक्य खोटं बोलायला काय हरकत होती त्यांना?

"तर कदाचित दिला असता," सर म्हणाले. "विन सर फार मागं लागले असते तर दिला असता."

क्वेन उठली. तिनं पायरीवर काढलेल्या चपला हातात घेतल्या आणि तशीच होडीत जाऊन बसली, आमच्याकडं पाठ करून.

फेरतपासणीचं सरांनी साऊमावशीला समजावलं. फेरतपासणीला कागद आणि पट्टी पुन्हा जोडतात. कुणाच्या नजरेला चौकट पडली तर आज हातात आहे ती तालुक्याची शाळाही जाईल. "नका मागू, साऊबाई. तालुक्याला पाठवा. मी रोज संध्याकाळी शिकवतो. तीन वर्षं. विद्यापीठाच्या परीक्षेला तीच मुलगी बसेल, तोच मेंदू असेल."

होडीतून पाठमोरी क्वेन म्हणाली, "आई, माग तू. शून्य तर शून्य."

साऊमावशीनं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा सरांकडं. "सर म्हणतात तर नको," ती म्हणाली.

मुदत टळली. आणि मुदत टळल्यावर साऊमावशीनं हिशेब जुनाच धरला. शहरातली शाळा नाही, तर आत्याकडं. सर सायकल घाटावर टाकून तिच्या होडीत जाऊन बसले. उकळत्या रश्श्याच्या भांड्याशेजारी गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. वह्या मी बघतो म्हणाले, तरीच्या भाड्याचं मी बघतो म्हणाले, आमच्याच घरी राहू दे म्हणाले.

साऊमावशी वल्हं मारत राहिली. मग तिनं वल्हं आडवं धरलं. "सर, रागावू नका. आपली म्हणून तुम्ही तिचा पाव कापलात. आता आपली म्हणून ठेवून घेताय. माझ्या पोरीला एकदा तरी परकी समजा. परक्यांचं तुम्ही बरं करता."

सर त्या दिवशी भलत्याच धक्क्यावर उतरले आणि चालत घरी आले. सायकल मीच आणली.

क्वेन गेली ती सरांचा निरोप न घेता. मी घाटावर होते. मला म्हणाली, "दिएप, माझी जागा कुणाला देऊ नकोस." आणि मग लगेच, "दे. काय फरक पडतो."

पुढच्या वर्षी सरांनी परीक्षकांमधून आपलं नाव काढून घेतलं. विन सर समजूत घालायला आले. "सगळ्या प्रांतात नियम पाळणारा एक माणूस, आणि तोच घरी बसतो म्हणतो."

"नियम पाळायला ओळख नसावी लागते," सर म्हणाले. "मला आता सगळ्यांचे एक्स ओळखू येतात."

बाक मात्र त्यांनी सोडला नाही. नवी पोरं आली. आता कागद हातात पडला की पहिलं काम ठरलेलं होतं: वरून तीन बोटं मोजायची आणि फूटपट्टीनं आडवी रेघ मारायची. रेघेच्या वर काही लिहायचं नाही. ठिपका नाही, माशीचा डाग नाही. अट रेघेखाली, पहिल्या ओळीत. पोरं आपसांत त्यांना तीन-बोटं-सर म्हणायची. का, ते त्यांना माहीत नव्हतं. एकानं सहज विचारलं, "सर, वरची जागा वाया नाही का जात?" सर खाकरलेही नाहीत. आत निघून गेले.

आमच्याकडं तेतच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाचा तिसरा दिवस शिक्षकांचा. जुनी पोरं येतात, चहाची पुडी देतात, नमस्कार करतात. त्या दिवशी सर इस्त्रीचा सदरा घालून दारासमोर बसायचे. कोण कुठं नोकरीला लागलं, कुणाचं लग्न ठरलं, सगळ्यांना विचारायचे. क्वेन सणाला गावी यायची, आम्हाला कळायचं. ती पहिल्या दिवशी आईकडं असायची, दुसऱ्या दिवशी कालव्यापलीकडं मामाकडं जायची. तिसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं परत. दरवर्षी. मावशी दुपारी कप विसळताना एक कप बाहेरच ठेवायची, आणि दिवेलागणीला तोही विसळून आत ठेवायची.

ती आली ते सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाल्यावर. तिसऱ्या दिवशीच, भर दुपारी, सगळे येऊन गेल्यावर. मी सुट्टीला आले होते. मीच दारात होते. ती जाड झाली होती. बोटांच्या टोकांची कातडी डिंकानं तकतकीत झालेली, बुटांना तळ चिकटवणाऱ्या बायकांची होते तशी. हाताला धरून सात-आठ वर्षांची मुलगी.

"सर," क्वेन म्हणाली आणि दोन्ही हात पुढं धरून चहाची पुडी दिली.

सरांनी दोन्ही हातांनी घेतली. तेवढ्यात मुलगीच बोलली. "तुम्हीच का ते, डासवाले सर?"

"डासवाले?"

"आई म्हणते, तुमच्याकडं बसलं की डास फार चावायचे."

"अजून चावतात," सर म्हणाले. "तू बसून बघ."

ती खरंच बाकावर जाऊन बसली. मावशीनं चहा केला, आल्याची वडी दिली. इकडचं तिकडचं बोलणं झालं: साऊमावशीचे गुडघे, कारखान्यातली पाळी, नवरा कुठं असतो, शहरात पाणी किती वेळ येतं. मुलीला फळ्यावर सणाआधीच्या सरावाचं गणित दिसलं. तिनं बोटानं गिरवायला घेतलं. एक्स अधिक तीनचं वर्गमूळ.

"आई, हे काय आहे?"

"आईला विचारू नकोस, आईला करायला सांग," सर म्हणाले. इतक्या वर्षांनी क्वेनसमोर त्यांचा आवाज पुन्हा बाकावरचा झाला होता. त्यांनी एक कोरा कागद आणि पेन्सिल क्वेनच्या पुढं सरकवली.

"आता कुठलं, सर," ती हसली. पण तिनं पेन्सिल घेतली. बाकावर आपल्या जुन्या जागी बसली, मुलीला सरकवून. खालचा ओठ दाताखाली गेला. मग तिच्या हातानं, न विचारता, कागदाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटी नीट चौकट काढली.

आणि हात थांबला.

शेजारी दुसऱ्या पोरांचे कागद पडले होते. तिची नजर त्यांवर गेली. "ही रेघ कसली, सर? सगळ्यांवर आहे."

"तिच्या वर काही लिहायचं नाही," सर म्हणाले. "तू गेल्यापासून."

क्वेननं आपल्या चौकटीकडं पाहिलं. "खोडू? खाली काढते."

"नको. तिथंच राहू दे. तिथंच लिही."

तिनं पेन्सिलचं टोक चौकटीत टेकवलं. आम्ही सगळे बघत होतो. तिनं फळ्याकडं पाहिलं, पुन्हा कागदाकडं. टोकाखाली एक काळा ठिपका गडद होत गेला.

"नाही येत हो, सर," ती हळूच म्हणाली. "खरंच. काहीतरी असायचं इथं. ते काय, ते नाही आठवत."

"मग नुसती चौकट कशाला काढलीस?" मुलीनं विचारलं.

क्वेन तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. मावशीनं आणखी चहा हवा का विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ओतला. सरांनी तो कागद उचलला, पोरांच्या गठ्ठ्यावर ठेवला, तपासायच्या कागदांत, आणि गठ्ठ्याच्या कडा दोन्ही हातांनी ठोकून सारख्या केल्या.